मांडव निराळा, मंगल तेच
कोकणच्या बेने इस्रायल समाजातील विवाहसोहळा आणि पाहुण्यांचा आचार

कार्तिकी द्वादशीची सायंकाळ होती. नागपूरच्या रामदासपेठेत एका सत्शील यजमानांच्या घरी तुळशीविवाह नुकताच आटोपला होता. अंगणातील वृंदावनाभोवती ऊस उभे होते, चिंचा-आवळ्यांचा सुवास दरवळत होता आणि पणत्या शांतपणे तेवत होत्या. सेवेसाठी मी रामटेकहून आलो होतो. फराळ झाल्यावर घरच्या वडीलधाऱ्या माई एक लग्नपत्रिका हाती घेऊन जवळ येऊन बसल्या.

तुळशीचे लग्न लागले की पत्रिका येऊ लागतात, यात नवल काही नाही. ही पत्रिका मात्र नवलाची होती. डाव्या बाजूस स्वच्छ मराठी मजकूर, आडनावापुढे आपल्या ओळखीचा ‘कर’ प्रत्यय; उजव्या बाजूस मात्र उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी चौकोनी वळणाची लिपी. मुहूर्त मंगळवारचा. स्थळ ठाण्याचे ज्यू प्रार्थनामंदिर. वर हा माईंच्या नातवाचा महाविद्यालयातील जिवलग मित्र.

माई म्हणाल्या, “बुवा, पोरगा चांगला आहे. माझ्या आजारपणात दोन रात्री दवाखान्यात बसून होता. जावेसे वाटते. पण त्यांच्या देवळात आपण कसे वागायचे, काय न्यायचे, काय खायचे, काही कळत नाही. आणि ऐकते की लग्नात पेला फोडतात! मंगलकार्यात काच फुटलेली चालते का हो?”

माईंचा प्रश्न अनेक घरांतून विचारला जाण्याजोगा आहे. आणि या प्रश्नाचे एक जुने ऋण माझ्याही माथ्यावर आहे. ते पुढे सांगेन. आधी या लोकांची ओळख करून घेऊ.

शनिवार तेली

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यालगत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ बुडाले, सामान बुडाले. उरले ते स्मरणात राहिलेले थोडके आचार. अष्टमी, दिवे, रोहे, पेण, किहीम, झिराड, चौल अशा गावांतून हे लोक वसले आणि त्या त्या गावाच्या नावाने अष्टमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर झाले. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. शेजाऱ्याच्या उपासनेची गावाने घेतलेली ही साधी, निर्मत्सर नोंद होय.

पुढे हा समाज मुंबई-पुण्यास आला. सैन्य, रेल्वे, टपाल, शाळा आणि रुग्णालये यांत त्याने नाव मिळवले. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर या सेनाधिकाऱ्याने मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे त्याचे नाव. जुने लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत ‘मशीद’च म्हणत; आणि ‘मस्जिद बंदर’ या स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. ज्यांच्या लग्नास माई जाणार होत्या ते ठाण्याचे मंदिर 1879 मधील. त्याचे नाव ‘शाआर हशामाइम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’.

भाषा म्हणाल तर मराठी ही यांची मायबोली. त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू मुळासह मराठीत 1874 मध्ये पुण्यात छापली गेली. माझ्यासारख्याला विशेष जिव्हाळा वाटावा अशी गोष्ट आणखी एक आहे. 1880 च्या सुमारास डेव्हिड हाइम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी मुंबईत मराठी कीर्तनाची प्रथा या समाजात सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या, ओव्या हा सारा थाट आपला. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. नारदांच्या गादीची ही शाखा कोणत्या अंगणात रुजली पाहा! आजही त्या समाजातील काही भगिनी ही पदे जिव्हाळ्याने गातात.

मुहूर्त, मेंदी आणि मलिदा

मंगळवार पाहून माई थोड्या बिचकल्या होत्या. ज्यू लोकांत मंगळवार शुभ मानतात, कारण त्यांच्या धर्मग्रंथातील सृष्टिकथेत तिसऱ्या दिवशी ‘हे चांगले आहे’ अशा अर्थाचा ईश्वरी अभिप्राय दोन वेळा आला आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्यांचा ‘शब्बाथ’, म्हणजे पवित्र विश्रामदिन. त्या काळात लग्न लागत नाही. आपला दिवस सूर्योदयापासून, त्यांचा सूर्यास्तापासून. महिने मात्र चंद्राचे, आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी 19 वर्षांत 7 अधिक महिने. अधिकमास पाळणाऱ्या आपल्याला हे गणित समजावून सांगायला नको. आपल्या चातुर्मासाप्रमाणे त्यांच्याकडेही लग्नास वर्ज्य काळ असतात. वल्हांडणानंतरच्या सात आठवड्यांतील बहुतेक दिवस, तसेच जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनापूर्वीचे तीन आठवडे लग्न टाळतात.

लग्नाच्या आधी मेंदी होते. या विधीला पाहुणे गेले तर आपण कोकणातल्याच एखाद्या घरी आलो आहोत असे त्यांना वाटेल. वधूला हिरवी साडी, हिरवा चुडा. वराच्या माथ्यावर फुलांचा सेहरा. वराच्या उजव्या तर्जनीला मेंदी लावायची. आणि बायकांची मराठी गाणी. पूर्वी हळदही लागे. वैदिक विधी त्यांच्यात नाहीत, पण माहेर सोडून निघालेल्या लेकीचा हुंदका कोणत्या एका धर्माचा असतो?

दुसरा विधी मलिद्याचा. हा या समाजाचा खास कोकणी विधी असून जगातील इतर ज्यूंना तो ठाऊक नाही. लग्नासारख्या मंगलप्रसंगी, नवस फेडताना वा संकटातून सुटका झाल्यावर एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून ईश्वराचे आभार मानतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. मोठ्या तबकात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा कालवून ठेवतात. भोवती पाच प्रकारची फळे आणि सुवासिक फूल वा पाला. मग प्रत्येक पदार्थावर निरनिराळा आशीर्वाद म्हणतात: झाडाच्या फळासाठी एक, भूमीच्या फळासाठी दुसरा, सुवासासाठी तिसरा. येथे एक गंमत सांगतो. केळ्यावरचा आशीर्वाद झाडाच्या फळाचा नव्हे, तर भूमीच्या फळाचा असतो. कारण केळीचा बुंधा दरवर्षी नवा येतो, तिला खरे खोड नाही, असे त्यांच्या शास्त्रकारांनी ठरवले. घास तोंडी घालण्यापूर्वी त्या घासाचे मूळ कोठले, हे आठवून कृतज्ञ होणे किती सूक्ष्म आहे! तबक पुढे आले तर आपण निःशंक हात पुढे करावा. ते पोहे-नारळच आहेत.

प्रार्थनामंदिरात

आता प्रत्यक्ष विवाहविधी. मंदिरात पाऊल ठेवण्यापूर्वी पुरुषांनी मस्तक झाकावे. टोपी नसेल तर यजमान लहान गोल टोपी देतात. आपण कीर्तनात पागोटे बांधूनच उभे राहतो, तेव्हा यात अवघड काय? स्त्रियांनी अंगभर वस्त्र नेसून पदर घ्यावा. अनेक मंदिरांत स्त्रियांसाठी वर सज्जा असतो. लग्नाच्या वेळी कोठे बसायचे ते यजमानांच्या सांगण्यावरून ठरवावे. दाराच्या चौकटीवर बसवलेली लहानशी डबी दिसेल. तिच्यात धर्मवचनांचे हस्तलिखित चर्मपत्र असते; येता-जाता लोक तिला स्पर्श करून बोटे ओठांना लावतात. आपण उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळी लावतो, त्याच जातीचा हा भाव.

आत मूर्ती नाही. पश्चिमेकडील भिंतीत पडद्याआड एक कपाट असते, कारण जेरुसलेम आपल्यापासून पश्चिमेस आहे. त्या कपाटात हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या असतात. तेच तेथील परमपूज्य. मधोमध कठड्याचा उंच चौथरा असतो, त्याला ‘तेवा’ म्हणतात. वधूवर या चौथऱ्यावर उभे राहतात. अन्य देशांत चार खांबांवर वस्त्र ताणून त्याखाली लग्न लावतात. तो त्यांचा मांडव, ‘हुप्पा’. युरोपातील ज्यूंमध्ये वधू वराभोवती सात प्रदक्षिणा घालते. आपल्याकडे ते दिसणार नाही.

आपल्याकडे दिसेल ते याहून गोड आहे. शुभ्र साडी नेसलेली वधू दारातून येऊ लागली की तेव्यावर उभा असलेला वर तिच्याकडे पाहून स्वतः गाऊ लागतो. ‘योनाती’ या शब्दाने त्या हिब्रू गीताचा आरंभ होतो, आणि त्याचा अर्थ ‘माझी कपोती’. आपल्याकडे मंगलाष्टके दुसरे म्हणतात आणि वर अंतरपाटाआड उभा असतो. येथे वरालाच गावे लागते. गळा सुरेल असो वा नसो, सारी सभा त्याला साथ देते.

मग ‘हजान’, म्हणजे पौरोहित्य करणारा गृहस्थ, द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतो. कोकणच्या ज्यूंनी या कामी मनुका भिजवून केलेले सरबत वापरण्याची प्रथा फार दिवस जपली आहे. पाहुण्यांनी ते घेतलेच पाहिजे असे मुळीच नाही. पेला वधूवरांचा असतो.

त्यानंतर वर वधूच्या उजव्या तर्जनीत अंगठी घालतो. ती वराच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते. उसनी चालत नाही. दोन साक्षीदार लक्ष देऊन पाहत असतात. या विधीचे नाव ‘किद्दुशीन’. धातूचा अर्थ पवित्र करणे, वेगळे राखून ठेवणे. आपण विवाहाला ‘संस्कार’ म्हणतो ते याच अर्थाने. एक भेद मात्र ध्यानात घ्यावा: येथे कन्यादान नाही. वर देतो, वधू हात पुढे करून स्वीकारते, आणि तिच्या स्वीकारानेच विवाह सिद्ध होतो.

पुढे विवाहपत्राचे वाचन होते. त्याचे नाव ‘कतुबा’. हा शब्द ऐकून आपल्याला ‘किताब’ आठवेल, आणि ते योग्यच आहे, कारण दोहोंचा धातू एकच, लिहिणे. या पत्रात पतीची कर्तव्ये लिहिलेली असतात: अन्न, वस्त्र, सहवास; आणि विवाह तुटल्यास वा पती निवर्तल्यास पत्नीला किती द्रव्य द्यावयाचे त्याचा आकडा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनी हे ठरवले, ते स्त्री निराधार राहू नये म्हणून. आपल्याकडे धर्म, अर्थ आणि काम यांत हिला सोडून वागणार नाही, असे वराने अग्नीच्या साक्षीने सांगायचे असते. तेथे तेच कागदावर स्वाक्षरीने सांगायचे. वाचन प्राचीन अरामी भाषेत होते. आपल्या पाहुण्यांना संस्कृत मंत्र जितके कळतात, तितकेच हे त्यांच्या पाहुण्यांना कळते! अर्थ मात्र सर्वांना ठाऊक असतो.

शेवटी सात आशीर्वाद. आपली सात पावले, त्यांचे सात आशीर्वाद. सृष्टी निर्माण करणाऱ्याचे, मानव घडवणाऱ्याचे आणि वधूवरांना आनंद देणाऱ्याचे ते स्तवन असते. या वेळी सर्वांसोबत उभे राहावे, हात जोडले तरी कोणी वावगे मानणार नाही. विधीस ज्यू धर्माच्या दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती हवी असते. ही अट ध्यानात ठेवा. तिचा उल्लेख पुन्हा करायचा आहे.

फुटलेला पेला

आता माईंचा अवघड प्रश्न. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तेव्हापासून हे लोक जगभर विखुरले. परमानंदाच्या क्षणीही त्या मंदिराचा विसर पडू नये, म्हणून वर काचेचा पेला फोडतो. तो अपशकुन नव्हे. ते स्मरण आहे. आपल्याकडे लग्नापूर्वी नांदीश्राद्ध करतात. मंगलकार्याच्या आरंभी पितरांना बोलावणे, हे अनभिज्ञाला विचित्रच वाटेल. पण ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांना वगळून आनंद कसला? माईंना मी एवढेच म्हणालो, “आपले नांदीश्राद्ध आरंभी, त्यांचे शेवटी.” त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “समजले.”

पेला फुटला की सभेत हर्षाचा घोष होतो. आपणही दचकू नये. अक्षता नेऊ नयेत, हळदकुंकू वा नारळ वाहण्यासाठी नेऊ नये. तेथे ते कोणाला अर्पण करायचे? छायाचित्रे विचारून घ्यावीत. आहेर द्यायचा तर जरूर द्यावा. जगातील अनेक ज्यू कुटुंबांत 18 च्या पटीत रक्कम देण्याची चाल आहे. त्यांची अक्षरे अंकही दाखवतात, आणि ‘जीवन’ या अर्थाच्या ‘हाय’ या शब्दाची बेरीज 18 होते. आपल्या कटपयादी पद्धतीची आठवण व्हावी असा हा संकेत. 101 रुपये दिले तरी आशीर्वाद तोच पोहोचतो.

भोजनाविषयी शाकाहारी घरांत शंका असते. त्यांचे अन्ननियम आपल्या सोवळ्याइतकेच काटेकोर. डुक्कर वर्ज्य, खवले नसलेली मासळी वर्ज्य, आणि मांस व दूध एकत्र येता कामा नये. म्हणूनच त्यांच्या रश्श्यात दुधातुपाऐवजी नारळाचा रस असतो; कोकणाने त्यांचे शास्त्र असे सोपे केले. निरामिष पाहुण्यांनी आगाऊ निरोप द्यावा. पथ्य असलेल्या माणसाला दुसऱ्याचे पथ्य चटकन कळते.

माझे ऋण

आता माझे ऋण. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी पुण्यात अध्ययनासाठी होतो. माझ्या खोलीशेजारी याच समाजातील एक विद्यार्थी राहत असे. संस्कृत ‘धातू’ ही कल्पना मी त्याला समजावी, हिब्रूतील त्र्यक्षरी धातू तो मला समजावून सांगे. त्याच्या बहिणीचे लग्न रास्ता पेठेतील मंदिरात होते. त्याने दोनदा आमंत्रण केले. मी गेलो नाही. ‘तेथे अन्नपाण्याचे कसे होईल’ असे काहीसे पुटपुटलो. खरे कारण भीती हेच होते: लोक काय म्हणतील? तो काही बोलला नाही. पुढे माझ्या लग्नाला मात्र तो रामटेकला आला, अक्षता हाती घेऊन मांडवात उभा राहिला आणि पंगतीत वाढायलाही लागला. नंतर त्याचे कुटुंब इस्राएलला गेले. पत्रे काही वर्षे आली, मग थांबली.

त्या देशातही या लोकांचे सारे सुखाचे नव्हते. 1960 नंतर तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी, हे लोक विवाहसंबंधास योग्य ज्यू आहेत काय, अशी शंका काढली आणि त्यांच्या पूर्वजांची चौकशी मागितली. ज्यांनी ग्रंथ बुडाल्यावरही शनिवार सोडला नाही, त्यांना हे ऐकावे लागले! त्यांनी आंदोलन केले. 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांचे समान स्थान निःसंदिग्धपणे मान्य केले आणि धर्मपीठालाही नमते घ्यावे लागले. आज तेथे ‘मायबोली’ नावाचे त्यांचे मराठी नियतकालिक आहे, आणि त्यांच्या लग्नांतून मेंदी अजून रंगते.

येथे महाराष्ट्रात मात्र आता थोडेच उरले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला हा समाज वीस हजारांच्या घरात होता. आज सुमारे चार-पाच हजार. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदावरचा दर्जा मोलाचा खरा. पण प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवणे हीच काही गावांतली मोठी अडचण होऊन बसली आहे. अशा समाजात लग्न लागते तेव्हा ते केवळ दोन जिवांचे मीलन नसते. एक दिवा दुसऱ्या दिव्याला ज्योत देत असतो. त्या दहांत आपली गणना होत नाही, हे खरे. पण दहांच्या मागे उभे राहणारे शेजारी किती, हे आपल्या हाती आहे.

मी काही वर्षांपूर्वी ठाण्यात अशा एका लग्नाला गेलो. वराने गाणे सुरू केले तेव्हा डोळ्यांपुढे रास्ता पेठेतली ती न पाहिलेली सायंकाळ उभी राहिली. ऋण फिटले नाही. थोडे हलके झाले.

माईंनी सारे ऐकून घेतले. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, “अरे, माझे तिकीट काढ. आणि त्यांना कळव, आमचे जेवण शाकाहारी.” आत जाऊन त्या एक नवी हिरवी साडी घेऊन आल्या. “मेंदीला हिरवीच लागते म्हणालात ना? मग आहेराला हीच बरी.”

वृंदावनापुढील पणती अजून जळत होती. ज्या घरी आज तुळशीचे लग्न लागले, त्याच घरातून उद्या ठाण्याच्या ‘स्वर्गाच्या द्वारा’कडे आहेर निघणार होता. आपले आपण निष्ठेने पाळावे, दुसऱ्याचे आदराने पाहावे, आणि बोलावणे आले तर जावे. वधूवरांचे कल्याण असो.